शिरपूरच्या नानांना, ज्यांनी मला आधी थांबायला शिकवलं

ति. नाना,
सा. न. वि. वि.

मजुरीचं विचारलं तेव्हा तुम्ही हात पुसत म्हणालात, "सामानाचे दे, बाकी राहू दे." मी दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा केला असता तर तुम्ही पानाच फेकून मारला असता. म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण आग्रा रोडवरच्या तुमच्या शेडला लोक अजूनही "ट्रकवाल्यांचं गॅरेज" म्हणतात आणि छोट्या गाड्या दुसरीकडे नेतात. तुमची नात हे तुम्हाला वाचून दाखवेल. मध्येच "पुरे आता" म्हणू नका.

डिसेंबरात मी गाडी घेऊन आले तेव्हा तुम्हाला नीट सांगताही येत नव्हतं मला. ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे, २०११ ते २०१३ तिथं फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, आणि आता फी भरून आपल्यासारख्यांनाही आपली गाडी तिथं चालवता येते. शर्यत नसते, बक्षीस नसतं, नुसतं चालवायचं. तुम्ही विचारलंत, "मंग मिळस काय?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. खत-बियाण्याच्या दुकानाचा माल घेऊन वीस वर्षं बोराडी, सांगवी, पळासनेर करणाऱ्या बाईला एकदा गाडी मनासारखी पळवून बघायची होती, एवढंच. रस्त्यावर ते करणं म्हणजे कुणाच्या तरी पोराच्या जिवावर उठणं. तुम्ही पुढे काही विचारलं नाही.

त्याआधी मी एका मोठ्या शहरातल्या चकचकीत दुकानात जाऊन आले होते. त्यांनी मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि लाल रंगाचा एअर फिल्टर विकला आणि "मॅडम, गाडी ट्रॅकसाठी रेडी" म्हणून पाठवलं. तुम्ही बोनेट उघडलंत, लाल फिल्टरकडे पाहिलंही नाहीत. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलंत, आत बॅटरी मारलीत आणि मला बोलावलंत. आत चहा होता, नाना. कोरा चहा. २०१४ ची स्विफ्ट, आणि ते ऑइल कधी बदललं होतं हे मला आठवेना.

तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मी पुढे अनेकांना सांगितलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ४ ऑइल (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ च्या आसपास खाली येऊ शकते. ट्रॅकवर दर वळणाआधी जोरात ब्रेक लागतो, डिस्क तापते, पॅड तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते; म्हणून पेडल थेट खाली जातं आणि गाडी तशीच पुढे. मला वाटायचं ब्रेक फेल म्हणजे काहीतरी तुटतं. काही तुटायची गरजच नसते.

मग आपण दोघांनी ब्रेकच्या नळ्यांतलं जुनं ऑइल आणि हवा काढली. तुम्ही चाकाशी, मी पेडलवर. "दाब. धर. सोड." चार चाकं, मागच्या चाकापासून सुरुवात, पारदर्शक नळीतून काळं ऑइल बाटलीत पडतंय. मध्येच मी तुमच्या आधी पेडल सोडलं आणि नळीत हवा परत ओढली गेली. तुम्ही काही बोलला नाहीत, पहिल्यापासून सुरू केलंत. पुढचे पॅड नवे घातलेत, मागच्या ड्रमचे लायनर ॲडजस्ट केलेत. जुने पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवलेत: "वाटेत लागले तर असूदे."

त्या आठवड्यात एका पहाटे तुम्ही मला बिजासन घाटात नेलंत, हा या पत्राचा खरा विषय आहे.

सेंधव्याकडून महाराष्ट्रात उतरणारा तो घाट तुम्ही चाळीस वर्षं बघताय. तिथून ब्रेकमधून धूर काढत उतरलेले ट्रक तुमच्याकडेच येतात. २०२३ च्या जुलैत पळासनेरला ब्रेक निकामी झालेला ट्रक हॉटेलात घुसला, माणसं गेली; त्यानंतर ब्रेकच्या बाबतीत तुम्ही कुणाची थट्टा ऐकून घेत नाही. तुम्ही शेजारी बसलात आणि म्हणालात, नेहमी उतरतेस तशी उतर. मी उतरले, पाय सतत ब्रेकवर, हलका. अर्ध्यावर बाजूला थांबायला लावलंत, खाली उतरून चाकाजवळ वाकायला सांगितलंत.

"आते वास ले."

जळक्या केसांसारखा, जिभेवर चढणारा वास. तो माझ्या डोक्यात कायमचा बसला. गाडी गार झाल्यावर पुन्हा वर गेलो. या वेळी आधी गिअर खाली, इंजिनच गाडी धरतंय; वळणापूर्वी एकदाच नेटाने ब्रेक, लगेच सोडायचा, चाकांना वारा लागू द्यायचा. खाली पोहोचलो तेव्हा वास नव्हता. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "पयले थांबाले शिक, मंग पय."

दोन महिन्यांनी सर्किटवर तिथल्या प्रशिक्षकानं हेच सांगितलं, इंग्रजीत आणि फळ्यावर बाण काढून. सरळ रेषेत, नेटाने, थोडा वेळ ब्रेक; मग सोडून वळण. बाकीचे वहीत लिहून घेत होते. मला घाट आठवत होता.

उष्णतेचं तर तुम्हाला शिकवायची कुणाची टाप नाही. मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो त्या भागातला मिस्त्री तुम्ही. "गाडीले बी तहान लागस, माय," म्हणत तुम्ही रेडिएटर खाली काढलात आणि त्याच्या पात्यांमधून कापसाची पिंज, मेलेली पाखरं, धूळ असं चिमटीचिमटीनं ओढून काढलंत. कापसाच्या हंगामात तालुकाभर फिरणाऱ्या गाडीचं दुसरं काय होणार! दोन होज पाइप फुगले होते, तेही बदललेत. कूलंट नवं घातलंत. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत, पण वर नाही. लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकतं, कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फेस होतो. पेट्रोलचंही तसंच: पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नकोस म्हणालात. बरं झालं, कारण तिथं गाडी एरवीच्या तिप्पट पेट्रोल पिते.

टायरवरून आपलं भांडण झालं, ते इथं सांगितलंच पाहिजे. माझ्या टायरला नक्षी भरपूर होती. तुम्ही बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे दाखवलेत: ३११६. २०१६ सालचा एकतिसावा आठवडा. "ही नक्षी नही, म्हातारीना दात शेत." मी म्हटलं अजून एक वर्ष जातील. तुम्ही म्हणालात, मग पुढच्या वर्षी जा. टायर बदलले. महागडे ट्रॅकचे नाहीत, साधेच, कारण त्याच टायरवर हजारभर किलोमीटर जायचं होतं आणि त्याच टायरवर घरी यायचं होतं.

गाडी रिकामी करताना मात्र मला हसू आवरेना. बियाण्याची नमुन्याची पाकिटं, दोन छत्र्या, एक विळा, मुलाचा हरवलेला बूट. हलू शकेल असं काहीच आत नको. ब्रेक लागला की पाण्याची बाटली पेडलखाली जाऊन अडकते. मॅट काढले. लिंबू-मिरची तुम्हीच सोडवून काढलीत. डॅशबोर्डवरचा गणपती चिकटवलेला होता, तो मी काढेना, तर तुम्ही दोन्ही हातांनी अलगद सुटा केलात आणि तुमच्या देवळीत ठेवलात. "बाप्पा आठेच थांबतीन." अजून तिथेच आहे ना?

शेवटी मला बसायला शिकवलंत. मी लांबच्या प्रवासासारखी रेलून बसायचे. तुम्ही म्हणालात, ट्रॅक्टरवर बसतेस तशी बस. पाठ सरळ, क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला, हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकावं, खांदा न उचलता. घड्याळातल्या नऊ आणि तीनवर हात. तासाभरात पाठीला कळलं की आजवर मी गाडीत बसतच नव्हते, लोळत होते.

विम्याचं काम माझं होतं, ते मी केलं. आपल्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचणीसाठी गाडी वापरली तर भरपाई नाही असं छापलेलंच असतं. ट्रॅकवर जे मोडेल ते आपल्या खिशातून. हे घरी सांगितल्यावर दोन दिवस कुणी बोललं नाही माझ्याशी.

फेब्रुवारीत निघालो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाऊ सोबतीला. सेंधवा, इंदूर, रात्री ग्वाल्हेर, दुसऱ्या दिवशी आग्रा आणि यमुना एक्सप्रेसवे. तुमचा आग्रा रोड खरंच आग्र्याला जातो, याचं मला उगाच अप्रूप वाटत राहिलं.

सकाळी गाड्यांची तपासणी झाली. बॅटरी पक्की आहे का, गळती आहे का, पट्टा नीट बसतो का. चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळून घेतले. तुमची एकच गोष्ट राहिली होती, नाना: पुढची टोचन लावायची कडी. गाडी बंद पडली तर ओढून न्यायला ती बंपरला आधीच लावून ठेवावी लागते. ट्रकला ती कायमची असते, तुमच्या डोक्यात कशी येणार! स्टेपनीखालच्या पिशवीत सापडली. स्टेपनी आणि जॅक पॅडॉकमध्येच, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, काढून ठेवले, भावाला राखणीला बसवलं.

पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, लांब बाह्यांचा सुती शर्ट, पातळ तळाचे बूट. मग झेंडे समजावले. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओलांडायचं नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. लाल म्हणजे सगळं थांबलं, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यात या. मागच्याला पुढे जाऊ द्यायचं असेल तर हाताने खूण करायची, तीही सरळ रस्त्यावरच. आपल्या बसस्टँडच्या चौकात हे झेंडे कुणी आणून लावले तर मी वर्गणी देईन.

५.१२५ किलोमीटरचा फेरा, १६ वळणं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. पहिल्या वीस मिनिटांत मला काहीच दिसलं नाही, फक्त समोरच्या गाडीचे दिवे. दुसऱ्या वेळी तिसऱ्या वळणानंतरची ती किलोमीटरहून लांब सरळ पट्टी दिसली. रस्ता आधी खाली उतरतो, मग चौथ्या वळणाकडे चढतो. काटा १४० च्या पुढे गेला आणि मला लोभ सुटला. ब्रेक उशिरा मारला. गाडी वळण सोडून बाहेरच्या डांबरावर गेली, तिथं जागा भरपूर होती म्हणून निभावलं. पुढचा पूर्ण फेरा मी स्वतःला तुमच्या आवाजात शिव्या दिल्या.

टायरची हवा बाहेर आल्यावर बघितली: सकाळी ३३ भरलेली, ३९ झाली होती. गरम असतानाच थोडी सोडली.

तिसऱ्या वेळी, पाचव्या फेरीत, पेडल एक बोटभर जास्त खाली गेलं. फार नाही. इतर कुणाला कळलंही नसतं. आणि खिडकीतून तो वास आला, नाना. बिजासनचा. वेळ अजून शिल्लक होती, फीचे पैसे मोजलेले होते, तरी मी हात वर करून सावकाश एक फेरा मारला, ब्रेकला शक्यतो पाय न लावता, आणि आत आले. हँडब्रेक ओढला नाही, गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावला. तापलेल्या ड्रमवर लायनर आवळून ठेवायचे नाहीत हे तुम्ही तीनदा बजावलं होतं. तासभर बोनेट उघडं ठेवून मी भावाबरोबर उरलेल्या दशम्या खाल्ल्या. चौथ्या वेळी पेडल पुन्हा होतं तिथं होतं. तेव्हा मी चालवली, म्हणजे खरीच. चौथ्या वळणाआधी लवकर, नेटाने ब्रेक, सोडला, आणि गाडी स्वतःहून वळली. दहाव्या-अकराव्याचं ते लांबच लांब उजवं वळण मी एका धारेने काढलं, स्टिअरिंग एकदा वळवून मग न हलवता. हेल्मेटच्या आत मी मोठ्याने हसत होते.

तुम्ही विचारलं होतंत, मिळस काय. अजूनही नीट सांगता येत नाही.

सोमवारी गाडी आणते. ब्रेक ऑइल पुन्हा बदलायला लागेल ना? जुने पॅड लागले नाहीत, वर्तमानपत्रासकट परत आणतेय. बाप्पाला न्यायचंय. बामणोदची वांगी मिळाली तर भरीत आणि कळण्याची भाकरी आणीन, काकूंना सांगा स्वयंपाक करू नका.

आणि पुढचा डावा टायर उजव्यापेक्षा जास्त घासलाय. का, ते मी सांगणार नाही. तुम्ही बघून ओळखा.

तुमची,
खतवाली माय