'शनिवारी बंद आढळले'

मा. मंत्रिमहोदय,
(ग्रंथालयांचं खातंही आपल्याकडेच आहे, म्हणून आपल्याला.)

सादर नमस्कार.

मी ठाण्यातल्या एका 'ड' वर्ग (म्हणजे अनुदानाच्या वर्गवारीत सगळ्यात खालच्या) वाचनालयाची ग्रंथपाल. 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, 'एकही वाचनालय अनुदानावाचून अडणार नाही' असं आपण व्यासपीठावरून म्हणालात. मी तिसऱ्या रांगेत होते. टाळ्या वाजवल्या, लाज वाटते आता. परवा पत्र आलं की आमचा पहिला हप्ता रोखलाय. कारण, 'तपासणीच्या वेळी ग्रंथालय बंद आढळले.'

तपासणी शनिवारी झाली. शनिवार ही आमची साप्ताहिक सुट्टी. दारावर मराठीत आणि हिंदीत तसा फलक आहे. तपासायला आलेल्या साहेबांनी फलकाखाली उभं राहूनच मला फोन केला.

'शनिवारीच का हो? मुसलमान का?'

'नाही, ज्यू.'

'मग इस्राएलला नाही गेलात?'

मंत्रिमहोदय, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शनिवार हा आमचा धर्माने ठरवलेला विश्रांतीचा दिवस. अलिबागजवळ नवगावला आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, ही आमची घराघरातली कथा. कोकणात ते घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायला लागले. नाव ठेवलं खरं, पण रविवारी बुधलं घेऊन दारात आलेच. 'घाणा बंद आढळला' असा शेरा कुणी मारला नाही. ठाण्यातली आमची मशीद 1879ची आहे (हो, सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो, दचकू नका). 2016 साली राज्याने अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर सगळ्या अर्जांवर मी 'इतर' होते. माझी बहीण गेली ना इस्राएलला! तिथे ती 'इंडियन'. 1964 साली आमच्या माणसांना जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं, आम्हीही पुरते ज्यू आहोत एवढं मान्य करून घ्यायला. तेव्हा परक्या गावात आपण कोण ते सांगत बसणं म्हणजे काय, हे मला साहेबांकडून शिकायचं नाही.

आणि शनिवार काही माझ्या एकटीच्या सोयीचा नाही. आमचा वाचक रविवारीच येतो, त्याला सुट्टी तेव्हाच असते. जालन्याहून आलेला बिगारी, जौनपूरचा रिक्षावाला, केरळची नर्स, नेपाळी वॉचमन. परमिटला मराठी वाचता आलं पाहिजे असा फतवा 2016 साली निघाला, तेव्हा अकरा रिक्षावाले माझ्याकडे बालभारतीचं पहिलीचं पुस्तक घेऊन बसायचे. मिशा पिकलेली माणसं 'कमळ, बदक' वाचत होती. पुढे कोर्टाने तो फतवा रद्द केला, तरी त्यातले चार येत राहिले. परप्रांतीयांना मराठी येत नाही म्हणून बोंब मारणाऱ्या आपल्या एकाही कार्यकर्त्याने त्यांच्यासाठी एक पाटी पाठवली नाही. मी मागितली होती. दोनदा.

आता पैशांचं. अनुदान 60 टक्क्यांनी वाढवलं म्हणून आपले फलक लागले. वाढून 'ड' वर्गाला मिळतात वर्षाचे 48 हजार. निम्मे पगाराचे. म्हणजे माझे महिन्याचे दोन हजार. रोजचे 67 रुपयेही होत नाहीत. नाक्यावर उभा राहणारा माझा वाचक एका दिवसात याच्या दसपट मिळवतो. तो मला चहा पाजतो, आणि मी पिते. बत्तीस वर्षांत पेन्शन नाही, फंड नाही. गुडघे गेले. वरचा वर्ग मागायचा, तर 2012 साली राज्याने वाचनालयांची पडताळणी केली, त्यानंतर ते दार वर्षानुवर्षं बंदच राहिलं. यंदा जुलैत छत गळलं आणि तमिळचं अख्खं कपाट भिजलं. पंख्याखाली पानं सुटी करत मी रात्री अकरापर्यंत बसले होते. मीटर माझ्या खिशातून फिरत होतं, आपल्या नाही.

त्या कपाटावरही साहेबांचा आक्षेप आहेच. मराठी वाचनालयात ही पुस्तकं कशाला? 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' हे ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या रंगनाथनांचं सूत्र. त्यांच्याच जयंतीला आपण ग्रंथपाल दिन करता, हार घालता, शाल देता. ते तमिळच होते, साहेब.

3 ऑक्टोबर 2024ला मराठी अभिजात झाली. पेढे वाटले, रोषणाई झाली. साहित्य संमेलनाला दोन कोटी देता, द्या. पण तिथे विकली गेलेली पुस्तकं उद्या ज्यांच्या घरात कपाट नाही त्यांनी कुठे वाचायची? राज्यात दहा-बारा हजार वाचनालयं आहेत आणि त्यातल्या ग्रंथपालांना आपलं सरकार सेवक म्हणतं, कर्मचारी नाही. कर्मचारी म्हटलं की पगार द्यावा लागतो! टेंडरची फाइल आठवड्यात मंत्रालयाचे सहा मजले चढते. माझा 24 हजारांचा हप्ता एका शेऱ्याला अडतो. हेच साहेब एखाद्या नगरसेवकाचं वाचनालय तपासायला गेले असते तर आधी फोन केला असता की नाही? तिथे तर कपाटांना कुलपं आणि कुलपांना गंज.

मागणं दोनच. शेरा काढा आणि हप्ता सोडा. भिजलेल्या कपाटाचं मी मागतच नाही.

तपासणी पुन्हा करायची असेल तर जरूर करा. रविवारी या, सकाळी आठला उघडतो. बसायला खुर्ची मिळेल असं नाही.

आपली,
एक ग्रंथपाल, 'ड' वर्ग, ठाणे

ता. क. : पेपरवाल्याचं तीन महिन्यांचं बिल थकलंय. गेल्या रविवारी नेपाळी वॉचमनने शंभराची नोट टेबलावर ठेवली. मी परत केली. या रविवारी घेईन.