अवघड प्रश्न सरळच विचारा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या निकालानंतर मुलांच्या आत्महत्येच्या बातम्या आल्या की 'मुलांचे समुपदेशन करा' असे सगळेच म्हणतात. पण समुपदेशकाने मुलासमोर बसून काय करायचे, यावर कोणी बोलत नाही.

पहिली दहा मिनिटे आई-वडिलांसोबत, मग मूल एकटे. लगेच गुप्ततेची हद्द सांगावी: 'तू बोलशील ते इथेच राहील. पण जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्याशी लैंगिक गैरवर्तन करत असेल, तर मला गप्प बसता येणार नाही. कुणाला काय सांगायचं ते आधी तुझ्याशी बोलेन.' पुष्कळ जण इथेच चुकतात. मूल म्हणते 'शपथ घ्या', आणि ते घेतात. पुढे मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावेच लागते. मग ते मूल पुन्हा कुठल्याच मोठ्या माणसावर विश्वास ठेवत नाही.

'मनात वेडेवाकडे विचार येतात का?' असे विचारले की उत्तर 'नाही' येते. सरळ विचारावे: 'मरून जावंसं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलं आहेस का?' विचारल्याने हा विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून पुरेसे स्पष्ट झाले आहे. उलट, कुणीतरी विचारले याचेच त्याला हायसे वाटते. विचारून झाले की थांबावे. 'माहीत नाही' म्हणजे नकार नव्हे. अर्धा मिनिट शांत बसले की पुढचे वाक्य येते. ते घरच्या तेलुगूत किंवा कन्नडमध्ये आले तर येऊ द्यावे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका खोलीच्या घरात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या आईच्या शेजारी बसून मुलगी जे बोलून जाते, ते टेबलापलीकडून डोळ्यांत डोळे घालून विचारले तर बोलत नाही. शेजारी बसावे, हातात कागद-पेन्सिल द्यावी.

४५ मिनिटांच्या बैठकीत अवघड विषय पहिल्या अर्ध्या तासातच काढावा. शेवटच्या पाच मिनिटांत जखम उघडून मुलाला सायकलवरून एकटे घरी पाठवणे धोक्याचे आहे. उरलेल्या वेळात त्याच्याच अक्षरात एक कागद लिहून घ्यावा: त्रास वाढतोय हे कशावरून कळते, तेव्हा काय केल्याने बरे वाटते, कोणत्या दोन मोठ्या माणसांना हाक मारायची, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ व मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक. जिवाला धोका दिसला तर पालकांना त्याच दिवशी सांगावे, की फवारणीची औषधे आणि गोळ्यांची पाकिटे कुलपात, किल्ली मोठ्यांकडे. द्राक्ष-डाळिंबाच्या आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट उद्यावर ढकलू नये.

शाळांनी यासाठी दार बंद होणारी एक खोली द्यावी. शिक्षकांच्या खोलीच्या कोपऱ्यात यातले काहीच होत नाही. आणि आपल्याला विनंती, की निकालाच्या बातमीशेजारी १४४१६ छापावा व आत्महत्येच्या बातमीत ती कशी केली याचा तपशील देऊ नये. प्रेस कौन्सिलच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.

आपले,
किशोरवयीन मुलांसोबत काम करणारे समुपदेशक, सोलापूर