पट्टी माझी, पैसे सातबाऱ्याचे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला महिला शेतकऱ्यांवरचा पानभर लेख वाचला. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकरी वर्ष जाहीर केल्यामुळे का होईना, आपल्याला आमची आठवण झाली, आभारी आहे. फोटोही छान आहे. फक्त द्राक्षमणी विरळायच्या, म्हणजे थिनिंगच्या दिवसांत दिवसभर मान वर करून कैची चालवणाऱ्या बायका एवढ्या हसऱ्या कुठल्या बागेत सापडल्या ते कळवा, आम्हीही कामाला जाऊ.

लेखकमहाशयांचा सल्ला असा, की आम्ही बचत गट काढावा, कोंबड्या पाळाव्यात, पापड-लोणची विकावीत आणि आर्थिक साक्षर व्हावं. साहेब, कोंबड्या आहेत. गटही आहे, आणि गटाचा हप्ता थकलेला नाही. थकबाकी आहे ती पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीत, आणि ती कुणाच्या नावांवर आहे ते सोसायटीच्या सचिवांना विचारा. साक्षरतेचं म्हणाल तर घरातली ई-पीक पाहणी मीच करते. मोबाईल धरून बांधावर रेंज शोधत उभं राहायला बाकी कुणाला सवड नसते.

मला राग आला तो एवढ्यासाठी, की बाईने पैसे कसे मिळवावेत यावर पानभर मजकूर आहे आणि मिळवलेले पैसे जातात कुठे यावर एक ओळ नाही. ते मी सांगते.

२०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याच्या भावाचं काय झालं ते नाशिक जिल्ह्यात नव्याने सांगायला नको. माझे मिस्टर नाशिकजवळ अंबडला कंपनीत आहेत, शिफ्ट बघून घरी येतात. उळं टाकण्यापासून लागण, खुरपणी, काढणी, कापणी, सगळं माझ्याकडे. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढून पिकअप भरला की लिलावालाही मीच जायची. तिथे वाहनापाशी येऊन पहिला प्रश्न "मालक कुठे गेले?" मी उभी आहे, माल माझा आहे, तरी मालक चहा प्यायला गेले असणार अशी त्यांची खात्री. असो. भाव मिळाला क्विंटलला पाचशेच्या आत-बाहेर. हा लाल रांगडा कांदा चाळीत टिकत नाही, म्हणून देऊन मोकळी झाले. विक्रीच्या हिशोबपट्ट्या मात्र माझ्या नावाने फाडून घेतल्या. लागणीच्या बायकांची मजुरी मीच उसनवारीने भागवली होती, तेव्हा निदान कागदावर नाव माझं असावं, एवढीच हौस.

मग आलं ते सरकारचं क्विंटलमागे ३५० रुपयांचं अनुदान. सातबारा सासऱ्यांच्या नावावर. नियम असा, की सातबारा एकाचा आणि पट्टी घरातल्या दुसऱ्याची असेल तर सहमतीचं शपथपत्र जोडायचं आणि पैसे जमा होणार सातबारा ज्याचा त्याच्या खात्यात. "तुमची हरकत नाही ना?" असं अर्ज घेणाऱ्याने विचारलं, पण हरकत असली तर कुठे लिहायची, तो रकाना अर्जात नव्हता. शपथपत्राचा खर्च माझा. पैसे टप्प्याटप्प्याने आले, सासऱ्यांच्या खात्यात आले, आणि दिरांच्या विहिरीसाठी काढलेल्या जुन्या कर्जापोटी बँकेने ते अडकवून ठेवले. सासरे वाईट नाहीत. "तुझेच आहेत, सुटले की घे," म्हणाले. मजुरीची उसनवारी मी पुढच्या उन्हाळ कांद्यातून फेडली. ते ३५० रुपये कांदा पिकवणाऱ्यासाठी होते की जमिनीच्या मालकासाठी, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आपल्या लेखातल्या चौकटीत छापलंय, की देशातल्या शेतीच्या खात्यांपैकी बायकांची खाती जेमतेम १४ टक्के. बरोबर आहे. पण का, ते चौकटीत बसलं नसावं. चांदवड आमच्यापासून लांब नाही. १९८६ साली तिथे शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, माझी आत्या ट्रॉलीत बसून गेली होती. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि कितीतरी गावांत नवऱ्यांनी बायकांच्या नावावर जमिनी केल्या. १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढलं, की नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. पापडाच्या पाककृतीला जागा मिळाली, या परिपत्रकाला दोन ओळी मिळाल्या असत्या तर पुरवणी जड झाली नसती.

अर्थात मला त्याचा उपयोग नाही. अर्ज नवऱ्याने करायचा, आणि नवऱ्याच्याच नावावर काही नाही, कारण घरात खातेफोड, म्हणजे जमिनीची वाटणी, झालेली नाही. म्हणजे आधी सासरे, मग मिस्टर, मग मी. माहेरी जाऊ म्हटलं तर २००५ च्या कायद्याने मुलगी जन्मापासून वाटेकरी आहे खरी, पण हक्कसोडपत्रावर सही होऊन काही वर्षं झाली. भाऊबीज नियमित येते.

आमच्या शेजारणीच्या नवऱ्याने मोठ्या मनाने तिच्या नावावर जमीन केली. तिला पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून महिन्याला हजार पडतात, म्हणून लाडक्या बहिणीचे १५०० घटून ५०० वर आले. नावावर जमीन घेऊन काय मिळालं, असं आमच्या सासूबाई आता मला विचारतात. याचं उत्तर लेखकमहाशयांनी द्यावं.

जाता जाता आणखी एक, आणि ही तक्रार थेट आपल्याबद्दल आहे. आपण बाजारभावाच्या बातमीत कांद्याचा कमाल भाव मथळ्यात छापता. तो भाव बाजारात एखाद्या वाहनाला मिळालेला असतो, बाकीच्या मालाला सरासरीच्या आसपासच मिळतो. सरासरी आपण खाली बारीक अक्षरात टाकता, आणि चष्म्याशिवाय पेपर वाचणाऱ्यांना ती दिसत नाही. संध्याकाळी पट्टी ठेवली, की "पेपरात तर नऊशे आलाय, मग तू पाचशेची पट्टी कशी आणली?" हा प्रश्न ठरलेला. मिस्टर माल घेऊन जातात त्या दिवशी तो कुणी विचारत नाही. तेव्हा सरासरी भाव मथळ्यात छापा, किंवा निदान दोन्ही आकडे सारख्या अक्षरात. त्यासाठी कुठलंही वर्ष जाहीर व्हायची वाट बघावी लागणार नाही.

आपली,
एक वाचक, ता. निफाड, जि. नाशिक

(नाव छापू नये. घरी पेपर सासऱ्यांच्या नावाने येतो.)