बेंचवरून, मंद्याला

प्रिय मंद्या,

तू फोनवर विचारलंस की पोरगं क्रिकेट सोडून बेसबॉल कशाला खेळतंय, आणि मी हसून विषय टाळला. आता घरात सगळे झोपलेत, मला झोप येत नाहीये, म्हणून लिहायला बसलोय.

अरे खेळतोय कुठला, बसतोय. यंदा इथल्या एका बऱ्या टीममध्ये सिलेक्ट झाला म्हणून आम्ही मिठाई वाटली, आणि कोच त्याला पाठवतो कधी तर शेवटच्या इनिंगला, तेही मॅच हातातून गेल्यावर. बाकी वेळ बेंचवर सूर्यफुलाच्या बिया चघळत बसतो. परवा निघताना बघितलं, त्याच्या बुटांसमोर टरफलांचा हा ढीग, आणि बाकीच्यांसमोर जेमतेम चार-पाच. मला एकदम तूच आठवलास, दोन सीझन बारावा गडी, हातात पाण्याच्या बाटल्या.

आम्ही अमेरिकेत मेरीलँडला आल्यापासून बाल्टिमोर ओरिओल्स या इथल्या मोठ्या बेसबॉल टीमच्या नादाला लागलोय, त्यामुळे घरात दाखले सगळे त्यांचेच. जॅक्सन हॉलिडे म्हणून पोरगा आहे, मॅट हॉलिडे या जुन्या खेळाडूचा मुलगा, 2022 च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने नवीन पोरं निवडतात ना, त्यात) पहिल्या नंबरवर उचललेला. एप्रिल 2024 ला विशीतच वर, म्हणजे मुख्य लीगमध्ये आला, सगळं शहर वेडं झालेलं, आणि दहा मॅचमध्ये 34 वेळा बॅटिंग करून हिट किती तर दोन, आणि स्ट्राइकआऊट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, 18 दा. लगेच खाली नॉरफोकला, ओरिओल्सच्या खालच्या लीगमधल्या टीममध्ये रवानगी. तुला दहा मॅच म्हणजे पुष्कळ वाटेल, कारण आपल्याकडे एक बॉल चुकला की दिवस संपला. इथे सीझनला 162 मॅच असतात, आणि दहातले सात वेळा आऊट होणारा माणूस स्टार समजतात रे, मग दहा मॅचमध्ये काय कळणार?

ॲरन जज माहितीये ना, तो न्यूयॉर्क यँकीज टीमचा धिप्पाड? 2016 ला आला तेव्हा 84 वेळात 42 दा स्ट्राइकआऊट, म्हणजे बरोब्बर निम्मे. पुढच्या वर्षी 52 होमरन, आपल्या सिक्सरसारखे. जुन्या काळचा मोठा खेळाडू विली मेज, त्याची 1951 ची सुरुवात तर 26 वेळात एक हिट, बिचारा रडला म्हणतात, पण मॅनेजर (इथे मुख्य कोचला तसं म्हणतात) लिओ ड्युरोशर हटला नाही, त्यालाच खेळवत राहिला.

घोळ असा आहे की वरच्या लेव्हलचा बॉल वरच खेळायला मिळतो. दीडशेच्या वर स्पीड, हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ, खाली कितीही मारलंस तरी ती सवय तिथे पूर्ण होत नाही. त्यात पोरगा डावखुरा असेल तर अजून मजा, डावखुऱ्या पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचा, बॉल त्याला पाठीमागून आल्यासारखा दिसतो, म्हणून मॅनेजर त्या दिवशी त्याला बसवतो, आणि बसवलं की तो बॉल ओळखायला शिकणार कधी? मग दोन वर्षांनी हेच लोक म्हणणार, याला डावखुरा पिचर झेपत नाही. मला याचा भयंकर राग येतो, बायको म्हणते टीव्हीशी भांडू नकोस.

पण मॅनेजरचंही खोटं नाही. ओरिओल्स 2021 ला 110 मॅच हरले होते, तेव्हा कुणालाही खेळवा, कोण विचारतंय. 2022 ला ॲडली रचमन हा त्यांचा नवा पोरगा आला, पहिले काही आठवडे बॅट लागेना, पण कुणी हलवलं नाही, पुढे तो त्या वर्षीच्या नवोदितांत दुसरा आला. हॉलिडे आला तेव्हा टीम आदल्या वर्षी 101 जिंकलेली, थांबायला वेळ कुणाकडे होता. म्हणजे बघ, शिकायचं तर टीम पडेल हवी, आणि पडेल टीममध्ये जायला कोण तयार होतो?

बाकी हॉलिडे 31 जुलैला परत आला आणि त्याच दिवशी पहिला होमरन मारला, तोही तिन्ही बेस भरलेले असताना, बॉल थेट मैदानापलीकडच्या युटॉ स्ट्रीटवर. ती क्लिप आमच्याकडे किती वेळा लागली असेल विचारू नकोस. त्यानंतरही त्या सीझनमध्ये बॅट फार चालली नाही हे मात्र पोराला मी सांगितलेलं नाही.

मुद्द्यावर येतो. पलीकडच्या गावात एक टीम आहे, सगळ्या मॅच हरते, तिथला कोच म्हणाला पाठवा, रोज खेळवतो. मी खूश. पोरगं म्हणतं, "नाही जाणार, माझे मित्र इथे आहेत." परवा त्याला एकदाच बॅटिंग मिळाली, बॉल तिरका उडून पार्किंगमधल्या आमच्याच गाडीच्या बॉनेटवर. पोचा पडलाय, आणि तो दुरुस्त करू देत नाहीये.

तुलापण सेकंड इयरला त्या दुसऱ्या कॉलेजने बोलावलं होतं, आठवतं? ओपनिंगला खेळवणार होते. तू गेला नाहीस, आणि का ते मी कधी विचारलं नाही. आता सांग की. सविस्तर लिही, व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवू नकोस.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुन्या