काकूंचे पाकातले दाणे

गिरगाव, मुंबई
रविवार, दुपार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास की, आईसारखे पाकातले दाणे करून बघितले, दोन्ही वेळा साखर पांढरी होऊन बसली आणि दोन्ही वेळा टाकून दिले. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. अरे, ते बिघडले नव्हते! तुझ्या आईचे, म्हणजे आमच्या काकूंचे, दाणेही दर वेळी अगदी तसेच पांढरे व्हायचे. तू तेव्हा खाली क्रिकेट खेळत असायचास आणि डबा भरला की वर यायचास, त्यामुळे मधलं काही तुझ्या डोळ्यांसमोर घडलंच नाही. मला मात्र टायफॉइडनंतर खेळायला बंदी होती. मी तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सगळं बघायचो. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

आधी दाणे. काकू कच्चेच घ्यायच्या. पाकात आणि मग कोरड्या साखरेत ते सावकाश भाजले जातात. आधीच भाजलेले घातलेस तर साखरेला रंग येईपर्यंत आतून करपतात, कडू लागतात. टपोरे दाणे त्यांना पसंत नसत. लहान, गोल घुंगरू दाणा त्या मशीद बंदरहून आणायच्या, दोन पिशव्या भरून, चालत. साल काढायची नाही, साखर सालीलाच धरते.

दोन वाट्या दाणे, एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, चिमूटभर मीठ. लिंबू अजिबात पिळू नकोस. गुलाबजामच्या पाकात आपण लिंबू घालतो ते पाकाची परत साखर होऊ नये म्हणून. इथे ती व्हायलाच हवी आहे. गुळाचंही तेच. गुळात ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं, त्यामुळे त्याचा पाक असा रवाळ होत नाही. म्हणून गुळाची चिक्की चांगली होते, पण हे दाणे साखरेचेच.

आता कढई. जाड बुडाची आणि पसरट, दाणे एका थरात मावतील एवढी. सगळं एकदमच घालायचं, मध्यम आच ठेवायची आणि लाकडी उलथन्याने हलवत राहायचं. पहिली सात-आठ मिनिटं नुसतं उकळतं, तेव्हा अधूनमधून हलवलं तरी चालतं. मग बुडबुडे मोठे आणि संथ होतात, पाक दाण्यांना चिकटू लागतो, उलथनं जड लागतं. इथून पुढे फोन आला तरी घ्यायचा नाही.

आणि मग एकाएकी, अर्ध्या मिनिटात, पाक गढूळ होतो आणि कढईत ओली वाळू ओतल्यासारखं दिसायला लागतं. पाणी उडून गेलेलं असतं, उरलेल्यात मावेल त्याहून जास्त साखर असते आणि आपण सतत घोटत असतो. त्या घोटण्यानेच तिचे बारीक बारीक कण एकदम जमतात आणि प्रत्येक दाण्यावर बसतात. तू इथे गॅस बंद केलास. मीही पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा ओरडलो होतो, "काकू, साखर झाली!" त्या म्हणाल्या, "व्हायलाच हवी. आता कुठे सुरुवात झाली."

आच बारीक करायची आणि हलवत राहायचं. कढईच्या बुडाशी सांडलेली कोरडी साखर आधी वितळते, तांबूस होते. ती उलथन्याने वर उचलून दाण्यांवर घ्यायची, परत परत. आता ह्यात पाणी नाही, त्यामुळे साखर दीडशे अंशांच्याही वर जाते. हात लावून बघू नकोस, मुलांना जवळ येऊ देऊ नकोस. काकूंच्या उजव्या मनगटावरचा तो डाग असाच साखरेने भाजल्याचा होता. तुला तो स्टोव्हचा वाटायचा. दाणे तडतडू लागले, भाजल्याचा खमंग वास सुटला आणि अर्धी साखर चकाकती, अर्धी खरखरीत दिसली की उतरव. सुंठ आणि वेलचीची पूड अगदी शेवटी, नाहीतर जळते. तूप लावलेल्या ताटात पसरून गरम असतानाच दोन काट्यांनी सुटे कर.

किती पुढे न्यायचं, हे हवेवर ठरतं. साखर पूर्ण वितळून काचेसारखी झाली की ती हवेतली ओल ओढते. गिरगावात जुलैत असे चकचकीत दाणे तासाभरात बोटांना चिकटतात, संध्याकाळपर्यंत त्यांचा एक गोळा होतो. म्हणून पावसाळ्यात काकू साखर रवाळ आणि कोरडी असतानाच उतरवायच्या, दाणा मात्र पुरता भाजून घ्यायच्या. चकाकी दिवाळीनंतर. तुझ्या सोलापुरात हवा कोरडी, तिथे तुला वर्षातले बरेच महिने चकचकीत दाणे जमतील. डबा मात्र पूर्ण गार झाल्यावरच भरायचा.

हा हात त्यांना हलव्याने दिला होता, असं मला नेहमी वाटतं. तुझ्या ताईच्या पहिल्या संक्रांतीचा हलवा त्यांनी घरी केला होता, आठवतं? गॅलरीत शेगडी, वर परात, परातीत तीळ, आणि चमच्याने थेंब थेंब पाक घालून बोटांनी सतत फिरवणं. तीन पहाटा तेच चाललं होतं, कारण ऊन चढलं की हवा बदलते आणि काटा येत नाही. थेंबाथेंबाने साखर चढते, घाई करून पाक जास्त ओतला की काटा बुजून जातो. तिसऱ्या पहाटे त्यांनी मला उठवून परात दाखवली. इतके बारीक, इतके पांढरे काटे मी नंतर दादरच्या कुठल्याही दुकानातल्या हलव्यावर बघितले नाहीत. दाणे करायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, पण हात तोच.

तुला आठवत असेल, चौपाटीवर आपण टोपलीतले गरम खारे दाणे घ्यायचो, वर निखाऱ्यांचं मडकं ठेवलेलं असायचं. काकू आल्या की पुडीतला एक दाणा दातांखाली फोडून आधी ताजे आहेत का ते बघायच्या. खवट दाणा त्यांना नुसत्या वासानेही कळायचा. तूही विकत घेताना एक कच्चा चावून बघ. बाकी सगळं बरोबर असून त्या एका गोष्टीने घाणा वाया जातो.

पुढच्या वेळी पांढरं झालं की घाबरू नकोस, दहा मिनिटं आणखी हलव. आणि अर्ध्याच मापाने कर, पहिल्यांदा तेच हाताळायला सोपं पडतं.

काकूंची पितळी कढई माझ्याकडे आहे. चाळ रिकामी करताना त्यांनीच ती माझ्या हातात दिली होती. तुला हे सांगायचं राहून गेलं, आणि काकू गेल्यानंतर तर सांगायचं धाडसच झालं नाही. मागच्या महिन्यात कल्हई करून आणली, पण आतून एवढ्या आचेला कल्हई टिकणार नाही, तेव्हा दाण्यांसाठी लोखंडीच वापर. ही तुझ्या घरात असावी म्हणून देतोय. दिवाळीआधीच्या शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघतो, शनिवारी सकाळी स्टेशनवर ये. घुंगरू दाणे मी इथून आणतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
समोरच्या खोलीतला