गडावरून आल्यावर

भावड्या,

सात महिने झाले तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत. तुझा फोन दोनदा येऊन गेला, नंतर करतो म्हणालो आणि राहूनच गेलं. रागावला असशील तर ते बरोबरच आहे. तब्येत ठीक, शुगर बॉर्डरवर, आईचे गुडघे तसेच.

लिहायला बसलो कारण रविवारी पोरीला घेऊन सिंहगडावर गेलो होतो. गाडी वरपर्यंत जाते पण म्हटलं आपली आतकरवाडीची वाट दाखवू तिला. खडा चढ लागला तशी ही पुढे, शेळीसारखी चढते रे. पण जरा गेलं की थांबायची, मोबाईल काढायची, बाबा थांबा ना फोटो काढते, खडकवासल्याचं पाणी बघा काय दिसतंय. मी दगडावर टेकायचो, घाम पुसायचो आणि म्हणायचो, काढ काढ. सात-आठ वेळा तरी थांबली असेल. रात्री घरी म्हटलं दाखव गं फोटो, तर दोनच निघाले, त्यातला एक पुणे दरवाज्यातला आम्हा दोघांचा. मी काही बोललो नाही, तीही नाही.

आता तुला आठवलंच असेल. 1992, एसवायची परीक्षा संपलेली, आबा आपल्याबरोबर आलेले आणि त्याच चढावर मी त्यांच्यावर खेकसलो, चला ना आबा, किती वेळा बसताय, वर पिठलं-भाकरी संपेल. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलास, म्हणे काका, मलाच दम लागलाय. तुला दम! कॉलेजात खो-खोला सगळ्यांना पळवून मारणाऱ्याला! येताना बसमधे आपलं जे जुंपलं त्यानंतर पंधरा दिवस अबोला. तू आबांसमोर भाव खातोस असं माझं म्हणणं होतं. तसा तू खातोसच, वहिनींना विचार.

काल हिशोब केला. आबा तेव्हा 52 चे होते. मी आत्ता 52 चा आहे.

आमच्याकडे पोर उशिरा झालं, ते दवाखाने, ते आईचे उपास, सगळं तू बघितलंयस. झाली तेव्हा नुसता आनंद, वय कोण मोजत बसलं होतं. आता सारखं तेच डोक्यात. 58 ला मी रिटायर तेव्हा ही 20 ची. डॉक्टर व्हायचं म्हणते, म्हणजे बारावीनंतर इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, वर पीजीची तीन, तोवर मी पासष्टीला टेकलेला. पैशाचं नाही म्हणत मी, 2005 च्या आधी लागलो म्हणून जुनी पेन्शन आहे, निभेल. पण 14 वर्षांची पोरगी बापाला सांभाळून घ्यायला लागली रे. माझ्या मोबाईलमधली अक्षरंसुद्धा तिने मोठी करून ठेवलीयेत, कधी केली कळलंही नाही. तिच्या मैत्रिणींचे बाप चाळिशीतले, त्यांच्याबरोबर बॅडमिंटन खेळतात, आणि ही माझा दम मोजत चालते. तिने नुसतं पुढे पळावं, मागे वळूनसुद्धा बघू नये असं वाटतं आणि थांबली तेव्हा बरंही किती वाटलं म्हणून सांगू.

आबांना त्या दिवशी काय वाटलं असेल हे विचारायचं राहिलं. तुझ्याशी बोलले होते का काही, बसले होतात तेव्हा? मी वर निघून गेलो होतो. आठवत असेल तर सांग, बारीकसारीक असलं तरी.

आणि हे असं थांबणं तिने आमच्या घरात तर बघितलेलं नाही. मे महिन्यात तुझ्याकडे येते राहायला, तिथूनच आणलं असणार.

फ्लॅटचं पझेशन मिळालं का? थोरल्याचं कॅम्पसमधून काही झालं? वहिनींना नमस्कार, लोणच्याची बरणी परत द्यायचीय.

डिसेंबरात ये. पायीच चढू, तिला घेऊन. तू मागे बस माझ्याबरोबर.

तुझाच