चिठ्ठीवर एक रकाना वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की आमच्या भागात मोफत आरोग्य शिबिरांचे फ्लेक्स लागतात. एरवीही कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. बीपी, शुगर, डोळे, सगळं एका मांडवात. जिल्हा परिषदेच्या उपकेंद्रांत २९ वर्षं आरोग्य सेविका म्हणून काम केल्यावर शिबिरांना नावं ठेवणं मला शोभायचं नाही. बीपी वाढलेला माणूस बहुतेक वेळा ठणठणीत दिसतो, त्यामुळे मुद्दाम मोजल्याशिवाय तो सापडतच नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५ टक्क्यांहून जास्त प्रौढांचा रक्तदाब वाढलेला आढळला. त्यातल्या कित्येकांना ही गोष्ट पहिल्यांदा मांडवातच कळते. माझी तक्रार आहे ती ज्यांना आधीच कळलेलं आहे, त्यांच्या बाबतीत.

माझ्या थोरल्या जाऊबाई सहा वर्षं बीपीची गोळी घेत होत्या. दोन वर्षांपूर्वी गणपतीत त्या शिबिराला गेल्या. मशीन लावणाऱ्या मुलाने १२६/८० लिहून चिठ्ठी हातात दिली आणि म्हणाला, "आजी, तुमचा बीपी एकदम नॉर्मल." पोरगं खोटं बोललं नाही. पण गोळी चालू आहे का, हे त्याने विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. घरी येऊन चिठ्ठी पोथीत ठेवली आणि गोळ्यांचं पाकीट फडताळात मागे सरकवलं. मला बोलल्या नाहीत, मी रागावेन म्हणून. ज्वारीच्या काढणीत एका सकाळी त्यांच्या हातातून तांब्या पडला आणि तोंड वाकडं झालं. आमच्याकडे म्हणतात तसं अंगावरून वारं गेलं. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा बीपी २१०/११० होता. गोळी सोडल्यामुळेच हे झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण ती चालू असती तर धोका नक्कीच कमी असता. आज त्या काठी घेऊन चालतात, उजव्या हाताने भाकरी मात्र थापता येत नाही.

बीपीची गोळी ताप उतरवणाऱ्या गोळीसारखी नसते. ज्यांनी शेतात दारं धरली आहेत त्यांना हे चटकन कळेल. पाटाचं दार लावलंय म्हणून वाफ्यात पाणी येत नाही. पाट आटलाय म्हणून नव्हे. गोळी म्हणजे ते दार; १२६/८० हा आकडा गोळीने आणलेला होता. घात असा की अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळीचा अंमल हळूहळू उतरतो. चार दिवस चुकली तरी काही जाणवत नाही, आणि माणूस म्हणतो, बघा, गोळीवाचून काही अडलं का? वजन उतरवून, मीठ तोडून काहींची गोळी कमी होते, क्वचित सुटतेही. पण ते डॉक्टरांनी काही आठवडे मोजून ठरवायचं. पाय सुजतात म्हणून गोळी टाकून देणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. अहो, डॉक्टरांना सांगा, दुसरी गोळी मिळते!

मांडवातली मोजणी हा आणखी एक विषय. माणूस उन्हातून चालत येतो, त्याला आधी चहा-वडापाव मिळतो, मग स्टुलावर बसवून स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतात आणि मोजता मोजता गावच्या गप्पा चालतात. यातली एकेक गोष्ट आकडा सहज दहाने चढवू शकते. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवायचं, उघड्या दंडाला पट्टा लावायचा, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवायचा आणि दोनदा मोजायचं. रांग मोठी आहे म्हणतात. मग शंभरांऐवजी चाळीस तपासा. आणि त्याच टेबलावरून गुडघेदुखीच्या गोळ्या मूठमूठ वाटता, त्यातल्या बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात, हे कुणी सांगेल का?

मिठाबद्दल फार लिहीत नाही. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यातच लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. सैंधव हेही मीठच.

आमचा सातारा जिल्हा रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात पहिल्या टप्प्यापासून आहे. सोबत भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग होते. पेशंटची नोंद ठेवायची, महिन्याची गोळी एकदम द्यायची, न आलेल्याला फोन करायचा किंवा आशाताईंनी घरी जायचं, अशी त्याची रीत. सरकारी केंद्रात या गोळ्या फुकट मिळतात. म्हणजे गोळ्यांची सोय आहे आणि पाठपुरावा करणारी माणसंही आहेत. एवढ्या मेहनतीने चालू ठेवलेली गोळी एका मांडवातल्या एका वाक्याने बंद पडते, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून मंडळांना एकच विनंती. बीपीच्या चिठ्ठीवर आकड्याच्या आधी एक रकाना छापा : 'गोळी चालू आहे का? हो / नाही.' उत्तर 'हो' असेल तर नुसतं 'नॉर्मल' म्हणू नका, 'गोळी लागू पडतेय, चालू ठेवा' म्हणा. उत्तर 'नाही' आणि आकडा १४०/९० च्या वर असेल, तर लगेच घाबरवूही नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला जवळच्या केंद्राचं नाव लिहून द्या. याला वेगळा खर्च नाही. चिठ्ठ्या दरवर्षी नव्याने छापाव्या लागतातच, त्यांच्यावरचा फोटो बदलतो ना.

– एक निवृत्त आरोग्य सेविका, जि. सातारा